ताट कोणी रिकामं केलं?

दिवाळी अंकातलं हे पान निवृत्त माणसांसाठी राखून ठेवलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. मी निवृत्त नाही. अठ्ठावीस वर्षांची आहे, कामाला लागून सात वर्षं झाली, आणि या कामाला अजून नीट नावही नाही. गावातले लोक मला ‘कागदवाली मॅडम’ म्हणतात. खोटं नाही ते. मी पत्रकं वाटण्यातच वाढले. आधी लहान पोरांच्या कुपोषणाची, मग बायकांच्या रक्तक्षयाची, आणि गेली चार वर्षं पार्किन्सन झालेल्या माणसांच्या खाण्याची. लिहायलाही पत्रकांतूनच शिकले : मोठा टाइप, छोटी वाक्यं, शेवटी उद्गारचिन्ह. संपादकांनी उद्गारचिन्हं कापली तर माझी हरकत नाही. राग कापू नये.

राग कशाचा, ते सांगते. आमच्या गोंदिया जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या पोराला महिन्याच्या महिन्याला तोलतात. तोललंच पाहिजे. पण सत्तरीतल्या माणसाचं वजन वर्षभरात दहा-अकरा किलोंनी उतरलं, तर ते एकाही रजिस्टरात दिसत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. शेजारी म्हणतात, वय झालं. भेटायला आलेले पाहुणे चहा पिता पिता म्हणतात, वय झालं. अहो, वय झालं की केस पिकतात, गुडघे दुखतात. बरगड्या मोजता येत नाहीत. बरगड्या दिसतात त्या खाणं पोटात न गेल्यानं.

पार्किन्सनला जुनी माणसं कंपवात म्हणतात. हात थरथरतो, अंग ताठ होतं, पावलं आखूड पडतात, चेहऱ्यावरचं हसू हरवतं. एवढं लोकांना माहीत असतं. हे माहीत नसतं की बसल्या जागी थरथरणारं, आखडलेलं शरीर दिवसभर मेहनतच करत असतं, त्याला जास्त खाणं लागतं. आणि नेमकं तेव्हाच खाणं अवघड होतं. नाकाला वास येत नाही, म्हणून भाजीला चव नाही. चावायला वेळ लागतो, तोवर भात थंड. गिळताना ठसका. पोट चार-चार दिवस साफ होत नाही, म्हणून भूक नाही. पाणी प्यायलं तर वेळेत मोरीपर्यंत पोचता येणार नाही, म्हणून पाणीही नको. सांगा, आता यातलं ‘वय’ कोणतं?

काहींचं उलटंही होतं. आमगावचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांचं हिंडणं-फिरणं थांबलं आणि गोडाची इच्छा भयंकर वाढली. मुलगा प्रेमानं रोज पेढे आणायचा. वर्षात इतके सुटले की खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागायची. “मॅडम, मी आयुष्यभर पोरांना खडू खाऊ नका सांगितलं, आता तुम्ही मला पेढे खाऊ नका सांगता,” म्हणाले. सांगितलं. त्यांची गोडाची ओढ औषधामुळेही असू शकते, तेव्हा डॉक्टरांना दाखवा, हेही सांगितलं. तर वजन दोन्ही बाजूंनी बिघडतं. पण माझ्याकडे येणारे दहातले आठ वाळत चाललेले.

तोलणं हा आमच्या कामातला पहिला भाग आणि सगळ्यात अवघड. घरगुती वजनकाट्यावर थरथरणारा माणूस उभा राहिला की काटाही त्याच्याबरोबर थरथरतो, आणि तोल जाऊन पडला तर खुब्याचं हाड मोडलं म्हणून समजा. म्हणून मी एक युक्ती काढली. हंगामात गावोगावी धान खरेदीची केंद्रं लागतात, तिथे मोठा सपाट काटा असतो. त्यावर प्लास्टिकची खुर्ची ठेवायची, म्हाताऱ्या माणसाला तिच्यात बसवायचं, आकडा वाचायचा, खुर्ची वजा करायची. हमाल हसतात, पण जागा देतात.

हिवराजबाबा मला तिथेच पहिल्यांदा भेटले, नोव्हेंबरात. चोरखमाऱ्याच्या अलीकडचं, तलावाकाठचं गाव आहे. नाव सांगत नाही. बाबा बहात्तर वर्षांचे, बायको वारलेली. मुलगा खुशाल ट्रॉलीत धान घेऊन आला होता आणि मी निरोप पाठवला होता म्हणून वडिलांनाही घेऊन आला. सोबत सून भूमेश्वरी, सासऱ्याला धरून. बाबांना खुर्चीत बसवलं. आकडा वाचला, खुर्ची वजा केली. त्रेचाळीस किलो.

मागच्या वर्षीच्या दवाखान्याच्या कागदावर चौपन्न होतं.

चाळीस किलोंच्या कट्ट्याचं, म्हणजे पोत्याचं, तोंड शिवता शिवता हमाल म्हणाला, “का बाबाजी, तुमी अन् धानाचा कट्टा बराबर होऊन राहिले.”

बाबांचा आवाज या आजारानं बसलेला, कानाजवळ वाकल्याशिवाय कळत नाही. मी वाकले. ते म्हणत होते, “मंग मलेबी सिवून टाक न् फेक ढिगावर.”

सगळे हसले. मी हसले नाही. मी खुशालला विचारलं, बाबा काय खातात?

“सारं खाते ना मॅडम. दोन्ही टैम ताट चकाचक.”

“ताट चकाचक आणि वजन अकरा किलो कमी?” माझा आवाज चढला. केंद्रावर पन्नास माणसं होती. “मग अन्न जातं कुठे? वाढणारी वाढते की नुसतं ताट फिरवते?”

भूमेश्वरीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. जाताना मात्र माझ्यासमोर हात केला. “कागद द्या.”

मी पत्रक दिलं. मीच लिहिलेलं होतं, मीच छापून घेतलं होतं. हिरवी शाई, वर मोठ्या टाइपात : ‘गोळी जेवणासोबत! प्रत्येक जेवणात डाळ, दूध, अंडी!’

महिन्यानं त्यांच्या घरी गेले. बाबा छपरीत, म्हणजे ओसरीत, बाजेवर लाकडासारखे पडलेले. उजवा हात उचलून तोंडापर्यंत न्यायलाही जमेना. जवळच्या राइस मिलच्या काट्यावर खुर्चीसकट नेलं. साडेएकेचाळीस.

खुशाल भडकलेला. “तुमची ते महागाची गोळी कायची कामाची नाई मॅडम. आधी थोडाफार चालत होता बुढा. आता उठूनबी नाई राहिला. उद्यापासून बंद करतो मी.”

“एकदम बंद करू नका,” मी म्हणाले. या बाबतीत मी अजूनही लोकांच्या पाया पडायला तयार असते. पार्किन्सनची मुख्य गोळी अचानक थांबवली तर माणूस जीवावरच्या दुखण्यात जाऊ शकतो. “गोळी कशी देता ते आधी सांगा.”

भूमेश्वरी आतून आली. दारातच थांबली. हातात माझा हिरवा कागद, चार घड्या पडून मऊ झालेला.

“सकाळी गोळी, संगं पेलाभर दूध अन् उकडलेलं अंडं. दुपारी वाटीभर डाळीत मिसळून पाजली. रात्री मासोळीसंगं. तुमच्या कागदात लिहिलं होतं तसंच केलं. बारावी झाली आहे माझी. वाचता येते मले.”

मी तिथूनच नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्याकडेच बाबांचं औषध होतं. मी सगळं सांगितलं. मग ते शांतपणे म्हणाले की ही गोळी आणि प्रथिनं शरीरात एकाच वाटेनं आत शिरतात. दूध, अंडी, डाळ, मासे भरपूर असतील तर ते पुढे घुसतात आणि गोळी मागे राहते. गोळी जेवणाच्या आधी अर्धा-पाऊण तास, रिकाम्या पोटी. मळमळ झाली तर मूठभर मुरमुरे चालतील. डाळ-अंडी बंद करायची नाहीत, या माणसाला ती हवीच आहेत. फक्त गोळीपासून लांब, जास्तीचा वाटा संध्याकाळी. आणि मात्रा आपल्या मनानं बदलायची नाही. “हे तुमच्या पत्रकात नाही का?” त्यांनी विचारलं.

नव्हतं. कुपोषणाच्या मोहिमेत शिकलेली ओळ मी तशीच्या तशी उचलली होती. पोराला चालतं ते म्हाताऱ्याला चालेल, असं गृहीत धरलं. सुनेला पन्नास माणसांत बोलले, आणि बाबांना लाकूड करणारा कागद माझा होता.

मी समजावायला बसले. प्रथिनं, शोषण, आतडं, स्पर्धा. खुशाल जांभई देऊ लागला. “म्हंजे डाळ वाईट का?” “नाही, डाळ चांगली.” “मंग गोळी वाईट?” “गोळीही चांगली.” “मंग भांडण कायचं?”

बाजेवरून पुटपुटणं ऐकू आलं. मी कान नेला.

इथे एक सांगायला हवं. हिवराजबाबांनी तीस वर्षं गावतलावाचं पाणी सोडलं. कुणाच्या वावराला आधी, कुणाच्या नंतर, किती वेळ, हे तेच ठरवायचे. त्याला आमच्याकडे पारी म्हणतात, म्हणजे पाळी. पारी मोडून पाणी वळवायची गावात एकाचीही हिंमत नव्हती, आणि पाटलाच्या वावरालाही त्यांनी ताटकळत ठेवलं होतं, असं लोक सांगतात.

बाबा एकेक शब्द सोडत होते, मध्ये थांबत. “नहर एकच आहे ना वो बाई?”

“हो बाबाजी. एकच.”

“अन् दोघी एकाच वेळेस पानी मांगून राहिल्या. गोळीचं वावर लहान. डाळीचं मोठं. मोठं वावर सारं पानी पिऊन घेते.” श्वास घेतला. “लहान वावराले आधी द्यायचं. त्याची पारी झाली का मंग मोठ्याले. एवढं सांगायले येवढी बोंबलून काऊन राहिली तू?”

खुशालची जांभई थांबली. दारात भूमेश्वरी ओठ दाबून हसत होती. चार पानांचं पत्रक जे करू शकलं नाही, ते बाजेवर पडलेल्या माणसानं दहा वाक्यांत केलं. आणि त्या दिवसापासून घरात गोळीची पारी सुरू झाली. बाबा वेळ सांगायचे आणि सुनेनं ती पाळायची. तीस वर्षांची हुकूम चालवायची सवय, ती कुठे जाते.

चौथ्या दिवशी खुशालचा फोन आला. “बुढा आंगणात फिरून राहिला मॅडम.” मी स्कूटी रस्त्याच्या कडेला लावून त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं.

मग मी दुसरं काम केलं. आजूबाजूच्या गावांत ते हिरवं पत्रक जिथे जिथे दिलं होतं, तिथे तिथे गेले आणि त्या ओळीवर पेन फिरवून बाजूला हातानं बरोबर ते लिहिलं. काही घरांत कागद चुलीत गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आनंद झाला. एका घरी त्यावर पापड वाळत घातले होते. ते उचलून, लिहून, परत पापड मांडून आले.

पण वजन वाढेना. जानेवारी संपत आला तरी बेचाळीस. बाबा हिंडत होते, हाताची थरथर पुष्कळ कमी झाली होती, गोळी वेळेवर, ताट रोज चकाचक. मला काही केल्या समजेना. एक दिवस मी न कळवता भर दुपारी गेले.

भूमेश्वरीनं छपरीत पाट मांडला, ताट ठेवलं, पाण्याचा गडवा ठेवला आणि आत निघून गेली. सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात, आणि मामाजी जेवत असताना सुनेनं समोर बसायचं नाही, ही रीत. वाढायचं आणि आड व्हायचं. सासूबाई होत्या तेव्हा त्या समोर बसायच्या. त्या गेल्या, खुशाल सकाळीच वावरात जातो तो बाबांचं रात्रीचं जेवण झाल्यावर परततो, आणि तेव्हापासून बाबा एकटेच जेवतात.

मी कुडाच्या पलीकडे उभी होते. बाबांनी पहिला घास घेतला. अर्धा भात मांडीवर सांडला. त्यांनी आत पाहिलं, बाहेर पाहिलं. मांडीवरचा भात वेचायचा प्रयत्न केला, आणखी सांडला. मग ताट हळूच सरकवलं. कुडाखालून शेरू आला. शेरू हा त्या घरचा कुत्रा. मी आजवर त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. गावात एवढा गुबगुबीत कुत्रा दुसरा नसेल. चार मिनिटांत ताट चकाचक.

मी पुढे झाले. “बाबाजी.”

लहान पोराची चोरी पकडल्यासारखे त्यांनी डोळे खाली घातले. माझ्या तोंडात पत्रकाची वाक्यं आली होती. गिळली. जमिनीवर बसले.

“हात कापते,” ते म्हणाले. “सांडते. सून काय म्हणंल? म्हातारा घान करून राहिला.”

भांडं घासायला भूमेश्वरी बाहेर आली, आणि तिनं शेरूचं चाटणं आणि मामाजींची मांडी दोन्ही पाहिलं. ती जागच्या जागी बसली. डोक्यावरचा पदर घसरलेला, तो सावरायचंही तिला सुचलं नाही. सासूबाई गेल्यापासून सव्वा वर्ष ती रोज दोन वेळा त्या माणसासाठी रांधत होती.

“भूमेश्वरीताई,” मी म्हणाले, “त्या दिवशी केंद्रावर मी सगळ्यांसमोर बोलले. चुकलं माझं.”

“सगळ्यांसमोर बोलल्या,” ती म्हणाली. “माफी मात्र छपरीत.”

बरोबर होतं. पुढच्या तोलाला केंद्रावर, हमालांसमोर, मी तेच पुन्हा मोठ्यानं म्हटलं. हमालांना काही कळलं नाही. तिला कळलं.

पण त्या दुपारी छपरीत बाबांनीच शेरूकडे मान वळवली. “मी लाजतो, तू लाजतेस. हा बेटा लाजत नाई, म्हणून जाडा झाला.” मग थांबून, पाणी सोडायच्या जुन्या आवाजात, जेवढा उरला होता तेवढ्यात, सुनेला : “बस वो समोर. ताट घेऊन बस.”

“मामाजी, लोक काय म्हणतील?”

“लोकांची पारी नाही आहे ही.”

पुढचं सगळं कष्टाचं आणि कंटाळवाणं आहे, पण तेच खरं काम, म्हणून सांगते. ताट गेलं, उंच काठाचा जड वाडगा आला. चमच्याच्या दांड्याला खुशालनं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, पकड जाड झाली. मांडीवर गमछा टाकायचा. सांडलं तर सांडलं. गोळी लागू पडली असेल त्या तासात जेवायचं, हात तेव्हाच साथ देतो. ताठ बसून, हनुवटी जराशी खाली, घोट-घोट. पातळ पेजेनं ठसका लागायचा, म्हणून भूमेश्वरी तिच्यात शिंगाड्याचं पीठ लावून दाट करू लागली. शिंगाडा आमच्या तलावातलाच. भातावर तूप, सोबत जवसाची चटणी. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान. डाळ, मासोळी संध्याकाळी. पाणी दिवसा मोजून, रात्री कमी. आणि मोरीच्या वाटेवरचा उंबरठा खुशालनं काढून टाकला, मग बाबा आपणहून पाणी मागू लागले.

शेरू आठवडाभर रुसून बसला.

शेजारच्या दोन बायकांनी नाकं मुरडली. सून सासऱ्यासमोर बसून जेवते म्हणे. त्यातलीच एक नंतर मला बाजूला घेऊन विचारत होती, “आमच्या बुढ्याचंबी ताट लय साफ राहते मॅडम. तुमी येता का एकदा?” गेले. कोंबड्या होत्या.

तेव्हापासून मी कुठल्याही घरी काय वाढता हे विचारत नाही. ताट रिकामं होताना कोणी पाहिलं, हे विचारते. बहुतेक घरांत कोणीच पाहिलेलं नसतं.

बाबांचं वजन मार्चमध्ये चव्वेचाळीस, आता सत्तेचाळीस. मी खोटी आशा विकत नाही. आजार जागच्या जागी आहे, पुढेही सरकणार आहे. आवाज आणखी बसलाय, आणि वळताना पाय जमिनीला चिकटतात. पण सत्तेचाळीस किलोंचा माणूस पडला तर उठतो, ताप आला तर तो झेलतो.

गेल्या महिन्यात दुपारी गेले. बाबा आणि भूमेश्वरी जेवत होती, समोरासमोर. खुशाल मला पाण्याचा गडवा देऊन धानावरच्या रोगाबद्दल काहीतरी सांगत होता. बाबांचा वाडगा संपला. त्यांनी चमचा आत खरडला, एकदा, दोनदा. मग वाडगा हातात धरून, थरथरतच, सुनेपुढे केला.

“अजून आहे का?”

भूमेश्वरीनं भाताचं पातेलं, आमच्याकडचा गंज, उघडून पाहिलं. तळाला चार शितं. तिनं माझ्याकडे पाहिलं, खुशालकडे पाहिलं. त्या घरात इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणी ऐकलाच नव्हता, त्यामुळे जास्तीचं शिजवायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं.

“दहा मिनिटं थांबा मामाजी,” ती म्हणाली, आणि उष्ट्या हातानंच उठली, हात धुतला, सूप ओढलं, आणि तांदूळ निवडायला बसली.